पंधरा सेंटचं काळं तिकीट

तिकीटसंग्राहकांच्या मंडळातले लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन टपाल तिकिटं खरी की बनावट, हे छातीठोकपणे सांगणारा त्यांच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता. लिलावघरं लिलावाआधी मौल्यवान तिकिटं त्यांच्याकडे धाडायची. ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तिकीट चिमट्यात धरायचे, भिंगातून निरखायचे आणि छापील प्रमाणपत्रावर दोन ओळी लिहून खाली सही ठोकायचे. त्या दोन ओळी विरुद्ध गेल्या की तिकीट मातीमोल. चाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. बायको म्हणायची, "एवढं निरखून माझ्याकडे कधी बघितलं नाहीत तेच बरं. माझ्यावरही 'दुरुस्ती केलेली' असा शेरा मारला असतात."

त्यांना एकाहत्तरावं लागलं तेव्हा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसरा कुरकुरत होता. म्हणून एका लिलावघराने त्यांना एक यंत्र आणून दिलं. तिकीट काचेखाली ठेवलं की शेजारच्या पडद्यावर ते दाराएवढं दिसायचं. कागदाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. आधी त्यांनी नाक मुरडलं. "हे म्हणजे चष्मा लावून वास घेण्यासारखं," म्हणाले. पण महिन्याभरात त्यांचं त्यावाचून चालेना.

एका ढगाळ सकाळी लिलावघराकडून खोका आला. घड्याळदुरुस्तीचं एक दुकान बंद झालं होतं आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकाचा संग्रह त्याच्या मुलीने विकायला काढला होता. लिलाव तीन आठवड्यांवर होता. बहुतेक तिकिटं साधीसुधी होती. तळाशी मात्र एक पिवळं पडलेलं पाकीट होतं. त्यात पंधरा सेंटचं काळं तिकीट होतं, लिंकनच्या चेहऱ्याचं, आणि सोबत घडी घातलेला एक कागद. घडी उलगडली तर आत त्यांचंच अक्षर.

'जाळीचा ठसा बनावट. मागाहून उमटवलेला.' खाली त्यांची सही आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

हे जाळीचं प्रकरण थोडं सांगायला हवं. अमेरिकेच्या टपालखात्याला त्या काळी एक धास्ती होती, की लोक तिकिटावरचा शिक्का धुऊन काढतील आणि तेच तिकीट पुन्हा चिकटवतील. म्हणून काही वर्षं तिकिटांवर बारीक टोकांची जाळी दाबली जायची. टोकांखाली कागदाचे धागे तुटायचे, शिक्क्याची शाई त्यात मुरायची आणि कितीही धुतली तरी निघायची नाही. या जाळ्यांचे आकार वेगवेगळे. काही ढिगाने सापडतात, तर काही इतके दुर्मिळ की एखादं तिकीट लिलावात आलं तर देशोदेशीचे लोक फोन कानाला लावून बसतात. साहजिकच साध्या तिकिटावर खोटी जाळी दाबून ते भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारेही पुष्कळ.

त्यांना घड्याळजी आठवले. मंडळात शेवटच्या खुर्चीवर बसणारा, कमी बोलणारा माणूस. प्रदर्शनात ठेवण्यासाठी त्यांनी हे तिकीट तपासायला दिलं होतं. खोटं ठरल्यावर ते मंडळात यायचे बंद झाले होते.

आपला जुना निकाल मोठ्या पडद्यावर कसा दिसतो ते बघावं, एवढ्याच हौसेने त्यांनी तिकीट काचेखाली सरकवलं.

तिकिटावर चांदणीच्या आकाराचा शिक्का होता आणि चांदणीचं एक टोक जाळीवरून गेलं होतं. ते पडद्यावर आलं आणि त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. तुटलेल्या प्रत्येक धाग्यात शाई खोलवर उतरलेली होती. एकाही भेगेत पांढरा कागद दिसत नव्हता. म्हणजे जाळी आधीची आणि शिक्का नंतरचा. आणि शिक्का तर दीडशे वर्षांपूर्वी कुणा टपाल कारकुनाने मारलेला. मागाहून कुणी जाळी दाबली असती तर वाळलेल्या शाईला तडे गेले असते, आतला कागद उघडा पडला असता. त्यांनी तिकीट फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, टोकं मोजली, पट्टी लावली. मग जेवून आले आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तिकीट अस्सल होतं. ज्या आकाराच्या जाळीसाठी माणसं आयुष्यभर वाट बघतात, तीच ही जाळी होती.

एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांनी आठवून बघितली. मंडळाच्या खोलीत प्रदर्शनाची घाई होती. एका दिवसात तीस तिकिटं तपासायची होती आणि चारनंतर उजेड गेला होता. हे पाकीट उघडताना कुणीतरी म्हणालं होतं, "हे घड्याळजींचं. जपून हं. केसाचे चार भाग करण्याइतकी बारीक हत्यारं आहेत त्यांच्याकडे." सगळे हसले होते. तेही हसले होते. मग त्यांनी तिकिटाकडे बघितलं होतं. किती वेळ? दोन मिनिटं? तेवढीसुद्धा नसतील. शाई भेगेत उतरलीय का, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. ज्या माणसाने ही गोष्ट दहा जणांना शिकवली, त्याने.

त्यांनी नवं प्रमाणपत्र लिहिलं: 'जाळी अस्सल. पूर्वीचं प्रमाणपत्र रद्द.' लिलावघराच्या मालकाला फोन केला तेव्हा तो आनंदाने ओरडलाच. "अहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? तिकीट तर वाचलं ना! लिलावाच्या यादीच्या मुखपृष्ठावर घेतो मी त्याला."

त्यांनी घड्याळजींच्या मुलीचा पत्ता मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे गेले. तिसरा मजला, जिन्यात ओल्या भिंतीचा वास. दार मुलीनेच उघडलं. पन्नाशीची बाई, औषधांच्या दुकानात काम करायची; अंगावर अजून दुकानाचा पांढरा कोट होता. वडील आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती खूश होईल अशी त्यांची कल्पना होती. निदान रागावेल तरी. तिने आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"नक्की खरं आहे?"

"नक्की."

"परत एकदा बघून सांगाल, असं नाही ना? परत बदलणार नाही ना?"

"नाही. शंभर वेळा बघितलंय."

ती स्टुलावर बसली. "मग काकांचं काय?" ती म्हणाली. त्यांच्याकडे बघून नव्हे, समोरच्या ओट्याकडे बघून.

"कोण काका?"

मग तिने सांगितलं. घड्याळजींना एकच भाऊ, धाकटा. बोटीवर इंजिनखात्यात कामाला. दादाला तिकिटांचं वेड म्हणून प्रत्येक बंदरातून काही ना काही आणायचा. घड्याळजींच्या दुकानाला चाळीस वर्षं झाली तेव्हा त्याने हे काळं तिकीट आणून दिलं. एका बंदरात बोट दुरुस्तीला थांबली होती, तिथे मोठा लिलाव होता. त्यात बसून, तिघांशी चढाओढ करून घेतलं म्हणाला. दोन वर्षांची शिल्लक त्यात घातली होती. घड्याळजी महिनाभर ते तिकीट शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होते.

"मग तुमचं पत्र आलं," मुलगी म्हणाली. "मंडळात लोक बाबांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. यांनीच हत्यारांनी केलं असणार, असं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण कुणी आपला अल्बमही त्यांच्यापुढे उघडेना. मग बाबांनी सगळ्यांना सांगितलं की मी नाही, माझ्या भावाने माझ्या गळ्यात मारलं. काकांच्या घरी जाऊन, शेजारीपाजारी ऐकत असताना, त्यांना चोर म्हणाले. काका म्हणत होते, दादा, मी हात वर करून घेतलंय ते, माझ्या डोळ्यांदेखत हातोडा पडलाय. बाबांनी ऐकून घेतलं नाही. त्यानंतर दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. आठ वर्षांपूर्वी काका गेले. बाबा अंत्ययात्रेलाही गेले नाहीत. मलाही जाऊ दिलं नाही."

आपल्या दोन ओळींनी एका माणसाचा छंद सुटला, एवढंच भिंग एकोणीस वर्षं धरून चालले होते. तेही खरं तर कधी धरलं नव्हतं. ते विसरूनच गेले होते.

आतून खोकल्याचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

मुलगी चटकन उठली आणि त्यांच्या अगदी जवळ आली. "त्यांना सांगू नका. हात जोडते. चौऱ्याऐंशी वय आहे. धाकट्याने मला फसवलं, धाकट्याने मला फसवलं, हेच दिवसभर चालू असतं. त्याच्यावरच ते उभे आहेत. ते काढून घेतलंत तर मागे काय उरेल?"

"पण लिलावात ते अस्सल म्हणून..."

"ते माझं मी बघते. त्यांना म्हणते, खोट्यासकट सगळं मोडीत गेलं."

घड्याळजी भिंत धरत स्वयंपाकघरात आले. अंगाने काडी झाले होते, पण नजर लख्ख होती. त्यांनी क्षणभर पाहुण्याकडे पाहिलं आणि चेहरा उजळला. "अरे, भिंग! ...माफ करा हं, तोंडातून निसटलं."

"असू द्या. ठाऊक आहे मला."

"मुली, चहा टाक. हे कोण आहेत माहीत आहे का? यांनी माझे डोळे उघडले." ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी भिंगांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या बोटांत अजून जोर होता. "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. कधी बोलायची संधीच मिळाली नाही. तुम्ही नसतात तर मी मरेपर्यंत त्या हरामखोराला माझा भाऊ समजून बसलो असतो."

चहा आला. भिंग तो प्यायले. घड्याळजी बोलत होते. धाकटा लहानपणापासूनच थापाड्या. लिलावात बसलो म्हणे! तेलाने बरबटलेल्या माणसाला लिलावात कोण उभं करील? रस्त्यावर कुठेतरी घेतलं असेल आणि वर गोष्ट रचली. "आणि वर डोळ्यांत पाणी आणून दाखवायचा. नाटकी."

"जाऊ द्या आता," भिंग हळूच म्हणाले. "गेले ना ते."

"गेला म्हणून काय झालं? खोटं बोलणारा मेला की खरा होतो का?"

मुलगी ओट्याकडे तोंड करून उभी होती. भिंगांनी कप खाली ठेवला, घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि उठले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"नाही. मुलगी म्हणाली, नको. त्यांना सोसायचं नाही."

"मुलगी म्हणाली म्हणून, की तुम्हाला तेच सोयीचं पडलं म्हणून?"

त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. बायकोनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिची ही सवय त्यांना बोलण्यापेक्षा जास्त टोचायची.

लिलावाच्या दिवशी ते गेले. जायची काही गरज नव्हती. लांबट खोली, एकमेकींना अडकवलेल्या खुर्च्या, भिंतीलगत फोन घेऊन बसलेल्या सहा मुली, पुढे उंच टेबलामागे हातोडा घेतलेला लिलावदार. हीटरच्या गरम हवेत पेंग यावी अशी पहिली दोनशे तिकिटं गेली. मग पडद्यावर ते काळं तिकीट आलं आणि खोलीत सगळे सरसावून बसले. दोन फोन आणि मागच्या रांगेतला बोटाला पट्टी बांधलेला एक माणूस, अशी चढाओढ लागली. एक फोन गळाला. पट्टीवाला माणूस दर वेळी हात वर करताना डोळे मिटायचा. खिशातलं सगळं पणाला लावलेली माणसं अशी डोळे मिटतात, हे भिंगांनी शेकडो लिलावांत पाहिलं होतं. शेवटी त्याने मान हलवली, हात मांडीवर ठेवला आणि हातोडा फोनवरच्या माणसासाठी पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भिंगांना त्या खोलीत धाकटा दिसू लागला. तेलाचे डाग न निघालेले हात, बोटीवरून घाईघाईने बदलून घातलेला शर्ट, भाषा नीट कळत नाही, समोर तीन सराईत लोक, आणि तरी हात वर. घरी दादा आहे म्हणून हात वर. त्यांना खोलीत बसवेना. ते उठले तर दाराशी घड्याळजींची मुलगी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. दोघं वेगवेगळ्या जिन्यांनी खाली उतरले.

मुलीची सगळी खबरदारी एका फोनने वाया गेली. मंडळाचा जुना चिटणीस, ज्याने एकोणीस वर्षांत घड्याळजींना कधी फोन केला नव्हता, त्याने लिलावाची बातमी वाचली आणि आपुलकीचं भरतं येऊन फोन लावला. मुलगी कामावर गेली होती. "अभिनंदन!" चिटणीस म्हणाला. "तुमचा लिंकन अस्सल निघाला की हो! आम्ही तेव्हाच म्हणत होतो."

दोन दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, भिंगांच्या दाराची घंटा वाजली. बाहेर घड्याळजी होते, मागे मुलगी. दोन मजले चढून आल्यामुळे म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं. भिंगांच्या बायकोने खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले नाहीत.

"माझ्या घरी आलात," धापा टाकत त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तेच सांगायला आला होतात?"

"हो."

"बाबा, मीच त्यांना..." मुलगी मध्ये पडली.

"तू थांब." ते भिंगांकडेच बघत होते. "तिकीट चुकीचं बघितलंत. ठीक आहे. माणूस चुकतो. मीही आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, चारदोन बिघडवलीसुद्धा. त्याचं काही नाही. पण माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. मी त्याला शिव्या घालत होतो आणि तुम्ही ऐकत होतात. त्यानंतरचे हे तीन आठवडे मी रोज त्याला शिव्या घातल्यात. सकाळ-संध्याकाळ. ते तीन आठवडे तुमचे."

भिंगांनी मान खाली घातली. बायको दारात उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. "माझं चुकलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

"मला नका सांगू. त्याच्या बायकोला सांगा. चला."

"आत्ता?"

"मग काय, माझ्या तेराव्याला?"

तिघं बसने गेले. एक बस बदलावी लागली. धाकट्याची बायको शहराच्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची आणि कपडे शिवायची. दार उघडंच होतं. ती यंत्रावर बसली होती, ओठांत दोन टाचण्या. दारातल्या माणसांकडे तिने बघितलं, पण हातातली शिवण संपेपर्यंत पाय थांबवला नाही. मग दोरा तोडला, टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि उठली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. मग पुतणीच्या गालाला हात लावला. "किती वाळलीस गं." आणि भिंगांकडे वळून, "हे कोण?"

भिंगांनी स्वतःच सांगितलं. कोण, काय लिहिलं होतं, काय चुकलं, केव्हा कळलं, आणि कळल्यावरही गप्प कसे बसले. ते सगळं सांगायला त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडा वेळ लागला. ती बाई ऐकत असताना मांडीवरच्या कापडाच्या घड्या सरळ करत होती.

"म्हणजे ते पत्र तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुणीतरी मोठी कचेरी असेल."

तिने कापड बाजूला ठेवलं.

"ते खरं आहे हे मला ठाऊक होतं," ती पुढे म्हणाली. "तिकिटातलं मला काही कळत नाही. पण ते त्या लिलावातून आले तेव्हा बंदरातूनच मला फोन केला होता. दादाला काय घेतलंय ते ऐकशील तर उडशील, म्हणाले. खोटं बोलणारा माणूस असा हसत नाही." तिने टाचण्यांच्या डबीचं झाकण लावलं. "नंतर त्यांनी त्या लिलावघराला पत्रं लिहिली, विकल्याचा दाखला द्या म्हणून. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. शिक्क्यासकट. ते घेऊन तुमच्या दुकानात आले होते, भावजी. आठवतं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

घड्याळजींचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, "आठवतं."

"काय केलंत तेव्हा?"

"शटर ओढलं."

"ते बाहेर उभे असताना."

"हो. बाहेर उभा असताना. तो शटर वाजवत होता. मी आत दिवा लावून बसलो होतो."

भिंग भिंतीला टेकून उभे होते. सगळा दोष आपल्याच माथी आहे असं ते इथवर धरून चालले होते, आणि आता तो तसा नाही हे ऐकून त्यांना किंचित हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच त्यांना पुढे कितीतरी दिवस किळस येत राहिली.

घड्याळजींनी खिशातून लिलावघराचा चेक काढला, चुरगळला होता तो हाताने सपाट केला आणि शिवणयंत्राच्या फळीवर ठेवला. "हे तुझं आहे, वहिनी."

धाकट्याच्या बायकोला ते कधी वहिनी म्हणत नसत. ती वयाने नि नात्यानेही लहान. ती चेकाकडे बघत राहिली. भिंगांना वाटलं, ती तो फेकून देईल. तिने तो उचलला, नीट वाचला आणि टाचण्यांच्या डबीखाली ठेवला.

"ठेवते. त्यांच्याच घामाचं आहे." मग ती पुन्हा यंत्रावर बसली. "मला हे चार झगे संध्याकाळपर्यंत द्यायचेत. तू मात्र येत जा गं मधूनमधून."

ते तिघं बाहेर पडले तेव्हा यंत्र सुरू झालं होतं. बसथांब्यावर घड्याळजींनी मुलीचा आधार घेतला. बस आली, ते चढले, आणि खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी एकदा काचेतून भिंगांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ओळखही नव्हती. भिंग पुढच्या बसने गेले.

आठ महिन्यांनी मुलीचा फोन आला. घड्याळजी गेले होते. भिंगांनी विचारलं, त्रास झाला का फार.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर ते बोलायचेच बंद झाले. काकांचं नाव नाही, तिकिटांचं नाव नाही. बसून असायचे. शिव्या घालायचे तेव्हा निदान वेळेवर जेवायचे तरी." मग म्हणाली, "तुम्हाला बोल लावत नाहीये मी. तुम्हीच विचारलंत म्हणून सांगितलं."

भिंगांनी लिलावघराचं काम आधीच सोडलं होतं. यंत्र परत न्यायला माणूस आला, तेव्हा त्याला म्हणाले, दोन महिने राहू दे. प्रमाणपत्रांच्या प्रती त्यांच्याकडे असायच्या. बायकोने कपाटावरून खोकी काढून दिली आणि दोघांनी मिळून ती चाळली. जाळीचा ठसा बनावट म्हणून त्यांनी चाळीस वर्षांत, घड्याळजींचं सोडून, त्रेचाळीस तिकिटं नापास केली होती. त्या त्रेचाळीसही पत्त्यांवर त्यांनी हाताने पत्रं लिहिली: तिकीट अजून आपल्याजवळ असल्यास कृपया पुन्हा पाठवावं, मला ते नीट बघायचं आहे.

बरीच पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. एका मुलाने कळवलं की वडिलांनी ते तिकीट त्याच दिवशी फाडून टाकलं होतं. एका बाईने उलट टपाली विचारलं, आता कशाला? दोघांनी तिकिटं पाठवली.

दोन्ही बनावट होती. पडद्यावर घेताक्षणीच दिसत होतं. शाईला तडे, आत पांढरा कागद. तरी त्यांनी एकेका तिकिटावर अख्खी दुपार घालवली. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. उजेड सरायला लागला तेव्हा त्यांनी खिडकीचा पडदा आणखी बाजूला केला, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग सही केली.